अडुळशावर कोयता

“मुळापासून तोड,” सासूबाई मुलाला म्हणाल्या. “नुसत्या फांद्या छाटल्यास तर पुन्हा फुटेल मेला.”

मागच्या दाराशी अडुळसा पांढऱ्या फुलांनी भरला होता. सून त्याला पाठीशी घालून उभी राहिली. सासऱ्यांचा जुनाट खोकला कुठल्याच डॉक्टरला दाद देत नव्हता. तिने याच्याच पानांचा काढा मध घालून दिला आणि तो पार पळवून लावला. कौतुक मात्र कुणी केलं नाही. कारण तो खोकला म्हणजे घरची घंटा होती. फाटकाशी वाजला की मुलगा सिगारेट विझवायचा, जिन्यात वाजला की सासूबाई साखरेच्या डब्याचं झाकण लावायच्या, आणि दाराशी वाजला की सगळ्यांचं हसणं बंद. आता सासरे कुठेही, केव्हाही दत्त म्हणून उभे. मुलाने परवा पेटती सिगारेट खिशात घातली होती.

काढा थांबला की खोकला येईल परत, असा सासूबाईंचा हिशेब होता.

“पण बाबांना आता शांत झोप लागते, त्याचं काय?” सून म्हणाली.

“आणि आमची उडाली, त्याचं काय?”

सासूबाईंनी पदर खोचला आणि सासरे कसे येतात ते करून दाखवलं. पाठ वाकलेली, हात मागे बांधलेले, मान पुढे, पाऊल मांजराचं. मुलगा कोयता टेकवून हसत सुटला. सून तोंडावर हात धरून हसत होती, तो हात तसाच राहिला.

सासरे दारात उभे होते.

मुलाने उगाच अडुळशाचं एक पान तोडलं. सासऱ्यांनी कोयत्याकडे पाहिलं आणि काय चाललंय ते विचारलं. सुनेनेच सगळं सांगून टाकलं, घंटेसकट.

ते पायरीवर बसले. “म्हणजे तुम्ही रोज असे हसता?”

“रोज,” सासूबाई म्हणाल्या. खोटं सुचायला वेळच मिळाला नव्हता.

“मला वाटायचं, आपल्या घरात कुणाला हसताच येत नाही.”

सासूबाईंनी मुलाच्या हातातला कोयता काढून भिंतीला लावला, पदर नीट खोचला आणि नक्कल पहिल्यापासून सुरू केली.

सासरे गंभीरपणे बघत होते.

“मी एवढा वाकत नाही,” ते म्हणाले, आणि कसं चालतो ते दाखवायला उठले, ते हात मागे बांधून, थेट तसेच वाकून.