दिवाळीचा फोन

रुपालीला देवानं तोंड दिलं ते फक्त भाकरी खाण्यापुरतं, असं बायडाबाई तिसगावच्या बाजारात चारचौघींत सांगायची. सून कामाला वाघीण, पण बोलणं म्हणून नाही. आज नगरच्या कोर्टासमोर वकीलबाईच्या टेबलाशी बसूनही तिचं तेच. खाली मान आणि पदराच्या टोकाला पीळ.

"अगं, तुझ्याच जन्माचं चाललंय," बायडाबाईने तिला कोपराने ढोसलं. "लगीन काय माझं करायचंय?"

रुपालीने मान आणखी खाली घातली.

प्रश्न एका ओळीचा होता. नवरा सात वर्षं बेपत्ता असला, तर बायको मोकळी की बांधलेली? एवढ्यासाठी तीन वकील झाले. पहिल्याने सातबारा मागितला. जमिनीचं कुणी विचारलं होतं? दुसऱ्याने आधी वकीलपत्रावर सही करा म्हणून धोशा लावला. तिसरा म्हणाला, प्रकरण गुंतागुंतीचं आहे, मंगळवारी या. मंगळवारी गेल्या तर त्याच्या खुर्चीला कुलपाची साखळी. प्रश्न जिथल्या तिथे.

आणि इकडे दिवस पळत होते. श्रीगोंद्याकडचा कल्याण, शुगर फॅक्टरीत फिटर, बायको वारलेली, रुपालीला बघून गेला होता. ते स्थळ बायडाबाईनेच आणलं होतं. पोटच्या पोराची, सुनीलची, वाट बघणं सोडून सुनेचं लग्न लावायला निघालेली सासू दहा गावांत सापडायची नाही, आणि हे ती दहाही गावांना ऐकवायची. कल्याणच्या चुलत्याने एकच अट घातली होती. "कोर्टाचा कागद दाखवा. या दिवाळीपतूर थांबतो. त्याम्होरं न्हाई."

कल्याण बघायला आला त्या दिवशी मात्र रुपाली बोलली होती. चहा नेता नेता तिने हळूच विचारलं होतं, "त्यांना साखर किती लागती?" बायडाबाईला तेवढं पुरेसं होतं.

ही चौथी, दिशा नावाची वकीलबाई, वयाने लहान पण सरळ निघाली. सुनील गेला त्या महिन्यात पोलिसात दिलेली तक्रार तिने वाचली आणि बोटांवर हिशोब केला.

"सात वर्षं दोन महिने. ऐका आजी, कायद्याला प्रेत लागत नाही. सात वर्षं घरच्यांना माणसाची काहीच खबर नसली, की तो मेला असं धरून बायकोला मोकळं करायचा अर्ज करता येतो. दिवाळीपर्यंत निकाल मिळेल असं बघू."

तीन वकिलांनी अडवलेलं उत्तर दोन मिनिटांत मिळालं. बायडाबाईने पदराने नाक पुसलं.

"फक्त एक शपथेवर सांगा," वकीलबाईने पेन उघडलं. "या सात वर्षांत त्याचा फोन, चिठ्ठी, निरोप, काही?"

बायडाबाई पिशवीचे बंद सोडू-बांधू लागली.

सुनील गेल्यावरच्या पहिल्याच दिवाळीला जावेने भर अंगणात विचारलं होतं, पोरगं पळालं म्हणे? बायडाबाई ताडकन म्हणाली होती, "पळंल कशाला? सुरतेला हाय. आत्ताच फोन आला हुता." एकदा बोललेलं निभवावं लागतं. पुढे दर दिवाळीला ती मोबाईल कानाला लावून गोठ्यामागे जायची, आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायची, आणि परत येऊन सुनेला सांगायची, "रुपालीला जपा म्हनला." त्या फोनचा कायद्याशी काही संबंध असतो, हे तिन्ही वकिलांपैकी एकानेही तिला सांगितलं नव्हतं.

"बोला ना आजी."

शेजारच्या टेबलावरची माणसं माना वळवून बघत होती. तेवढ्यात रुपालीने मान वर केली.

"येतो की," ती म्हणाली. "दर दिवाळीला. आत्याबाईंना येतो."

वकीलबाईचं पेन थांबलं.

"खोटं हाय ते!" बायडाबाई ओरडली.

"कुणाचं खोटं? हिचं की तुमचं? फोन येतो हे गावात कुणाकुणाला माहीत आहे?"

बायडाबाईने शेजारच्या टेबलांकडे पाठ फिरवली.

"समद्यास्नी," ती म्हणाली.

"मग तो अर्ज मी करणार नाही. उद्या अख्खं गाव साक्षीला उभं राहील. नवरा टाकून गेला म्हणून घटस्फोट मागा. त्याचा पत्ता द्या, नोटीस काढते."

"पत्ता न्हाई."

"मग पेपरात नोटीस, त्यावर तारखा. तीन वर्षं तरी धरा." तिने तक्रारीचा कागद घडी घालून परत दिला. पैसे घेतले नाहीत.

एसटी स्टँडच्या रस्त्याला रुपाली दोन पावलं मागून चालत होती.

"फोन येत न्हवता, हे तुला ठाऊक हुतं?" बायडाबाईने मागे न बघता विचारलं.

"व्हय."

"कवापासनं?"

"तिसऱ्या दिवाळीला मोबाईलची बॅटरी फुगली हुती, आत्याबाई. मी काढून पेटीत ठिवली हुती. तुमी तसाच कानाला लावून गोठ्यामागं गेला. लई येळ बोलत हुता."

"आन तरी आत्ता तसं बोललीस?"

"तुमाला सांगायला जड जात हुतं. लोक बघत हुते." रुपाली पुन्हा पदराला पीळ घालू लागली. "परक्याम्होरं तुमाला खोटं कसं पाडू?"

बायडाबाई भर रस्त्यात थांबली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून कडेने निघून गेला. ती वळली आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिने सुनेचं तोंड नीट पाहिलं.

"येडे," ती म्हणाली, "माझी अब्रू येवढी महाग न्हवती गं."