आमरीचं क्रॉसिंग

“सात! आई, सात आहेत!” पौर्णिमा चिखलात गुडघे टेकून ओरडली. चिखलदऱ्याच्या पठारावरच्या त्या ओल्या कुरणात पांढऱ्या आमरीचे सात दांडे फुलले होते. गेल्या वर्षी नऊ होते, म्हणजे खरं तर रडायलाच हवं होतं. पण यंदा एकही दिसणार नाही या धास्तीने तिला चार दिवस धड झोप नव्हती. सातही तिला लाखमोलाचे वाटले.

पौर्णिमा अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. जमिनीतून उगवणारं हे ऑर्किड तिला चार वर्षांपूर्वी इथेच सापडलं होतं. दर पावसाळ्यात ते फुलायचं आणि तसंच वाळून जायचं. फळ नाही, बी नाही. परागकण वाहणारा पतंग इथे उरला नसावा, असा तिचा अंदाज. तो सिद्ध व्हायला आणखी तीन वर्षं लागणार होती, तोवर दांडे टिकले तर! पण फुलाला हात लावायचा नाही, हा तिचा पक्का नियम. निसर्गात लुडबुड नको, असं ती वर्गात दर वर्षी बजावायची.

सोबत आई होती, आशाबाई. पोरीने जंगलात एकटीने जायचं नाही म्हणून त्या स्वतःच जीपमध्ये येऊन बसल्या होत्या.

फोनला रेंज मिळते का बघायला पौर्णिमा टेकाडावर गेली. आपल्या मार्गदर्शक सरांना बातमी देऊन उड्या मारतच खाली आली आणि जागीच थिजली. सहा दांड्यांना लाल दोरे बांधलेले. आशाबाईंच्या पदराचा काठ उसवलेला. त्या सातव्या दांड्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात गवताची काडी, काडीच्या टोकाला परागकणांचे दोन इवलेसे पिवळे गोळे.

“आई! काय केलंस हे?”

“क्रॉसिंग,” मान वर न करता आशाबाई म्हणाल्या. “याचं त्याले, त्याचं याले. वीस वर्सं कपाशीच्या बियान्याच्या प्लॉटवर हेच त केलं मी. कपाशीची भुकटी रायते, याचे गोळे हायेत. काडीले मस्त चिकटतेत. दोरा बांधला म्हनजे कोनतं झालं ते समजते.” मग त्या खुदकन हसल्या. “चार वर्सं झाले, पोरी नटूनथटून मांडवात उभ्या. अन् तू नुसती मोजून राहिली!”

पौर्णिमाने झडप घालून त्यांचं मनगट पकडलं. “याला तरी सोड! माझ्या चार वर्षांच्या नोंदींची माती केलीस तू!”

आशाबाईंच्या हातून काडी गळून पडली. परतल्यावर लगेच आशाबाई गावी निघून गेल्या. फोनसुद्धा झाला नाही.

दीड महिन्याने पौर्णिमा पुन्हा वर आली, या वेळी कॉलेजातल्या सहकारी दीपमालाला घेऊन. फार आशा नव्हतीच. पण लांबूनच पहिला लाल दोरा दिसला आणि तिने झपाझप पावलं उचलली. दोऱ्याच्या वर फळं होती! हिरवीगार, टम्म फुगलेली. पहिल्या दांड्यावर अकरा. दुसऱ्यावर नऊ. ती धावत सुटली. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा! एकेका फळात हजारो बिया. तिने दीपमालाला मिठी मारली, चिखलातच गिरकी घेतली, हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मग तिला सातवा दिसला. त्याला दोरा नव्हता. काळी पडलेली फुलं मान टाकून लोंबत होती. फळ एकही नाही.

ती त्याच्यापाशी वाकली. मग टेकाड चढून गेली आणि गावाकडे फोन लावला.

“हॅलो? कोन?” आशाबाईंचा आवाज आला.

पौर्णिमाने फोन कानाशी घट्ट धरला.

“माय, मी तुया हात काहून धरला वं?”