मूठभर मटकी

"आई, दोन चमचे दुधात घालून पी गं. महागाचं आहे," मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला. डॉक्टरांनी माझ्या अंगात प्रोटीन कमी सांगितलं, तर यानं पावडरीचा डबा पाठवला.

"तुला काय पावडर पाजून वाढवलं का रे? मटकीच्या उसळीवर घोडा झालास," मी सुनावलं.

"मग तीच करून खा ना!"

फोन ठेवला. मालक गेल्यापासून मी चहा-बिस्किटावर दिवस काढते, हे त्याला कोण सांगणार? एकटीसाठी गॅस पेटवायला हात उठत नाही. पण बोलून बसले होते. मूठभर मटकी भिजवली, फडक्यात बांधली. तिसऱ्या दिवशी मोड आले आणि मुठीनं पातेलं भरलं. उसळ चौघांना पुरेल एवढी झाली, ताट मात्र एकच.

शेजारच्या हौसाबाईशी मी सहा वर्षं बोलले नव्हते. तिनं सगळ्यांसमोर माझ्या उसळीला खारट म्हटलं होतं. वाटी भरून तिचं दार वाजवलं.

"मीठ बघ गं जरा."

तिनं चाखलं, माझ्याकडं नीट बघितलं.

"कमी आहे. पातेलंच घेऊन ये, भाकऱ्या टाकते."