साईट चालू झाली

पडद्यावर पुन्हा तेच आलं. ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. कृपया नवीन आवृत्ती वापरा.’ हेमेंद्रने माउस टेबलावर आपटला आणि समोरच्या बाकाकडे बघायचं टाळलं. बाकावर रविता बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर शिंगाड्यांचा पुडा. गोंदियाजवळच्या गोरेगावचा आठवडी बाजार भरला की ती सकाळच्या एसटीने गावाहून यायची, हेमेंद्रच्या ऑनलाइन सेंटरमध्ये बसायची आणि काम न होताच परत जायची.

काम तसं साधं होतं. नवरा गेल्यावर त्याच्या शेतावर वारस म्हणून तिचं नाव चढवायचं. नाव चढल्याशिवाय खरेदी केंद्रावर धान घेत नव्हते, म्हणून सासऱ्याची घाई. अर्जाला तिचाच अंगठा लागायचा, म्हणून दुसऱ्या कुणाला पाठवायची सोय नव्हती.

घोडं अडलं होतं हेमेंद्रपाशी. अंगठा घ्यायचं त्याचं मशीन जुनं होतं आणि ते फक्त जुन्या ब्राउझरलाच ओळखायचं. वारसाच्या अर्जाची साईट मात्र त्या ब्राउझरला दारातही उभं करत नव्हती. त्याने दुसरा ब्राउझर टाकून पाहिला, तर साईट उघडली आणि मशीनचा दिवा विझला. राहिला एकच उपाय. आहे तोच ब्राउझर अपग्रेड करायचा. पण गोंदियाच्या मेकॅनिकने बजावून ठेवलं होतं, “एक बार चढा दिया तो उतरेगा नहीं, भैया. मशीन बंद पडी तो मेरे पास मत आना.” मशीन बंद पडलं की म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले बंद, रेशनची कामं बंद, सेंटरला कुलूप. करावं तरी पंचाईत, न करावं तरी पंचाईत. स्वतःच्याच दुकानात, स्वतःच्याच खुर्चीला कुणी बांधून ठेवावं तसा हेमेंद्र बसून राहायचा.

आणि ही बाई रागवायचीसुद्धा नाही! दुसरं कुणी असतं तर टेबल उलटं केलं असतं. ही म्हणायची, “होऊन जाईल जी. बसते मी थोडा वेळ.” सकाळीच ‘आज नाही जमत’ म्हणून सांगितलं तरी शेवटच्या एसटीपर्यंत थांबायची. मधेच बाजारात चक्कर मारून यायची. मग खिडकीशी बसून शिंगाडे सोलायची, त्यातले चार हेमेंद्रच्या टेबलावर ठेवायची आणि रस्त्यावरची माणसं बघत स्वतःशीच हसायची. तिच्या त्या भाबड्या आशेची हेमेंद्रला कीव यायची. स्वतःची तर लाजच वाटायची.

आज सकाळी तिच्या सासऱ्याचा, दुलीचंदचा फोन आला होता. “कायले नाचवून राहिला रे बाबू आमच्या बहूले? नवरा मेलेली जवान बाई, दर बाजारी रस्त्यावर! लोक नावं ठेवून राहिले. आज करतोस का नेऊ दुसरीकडे?” ‘आज करतो, काकाजी’ म्हणून हेमेंद्रने फोन ठेवला होता.

त्याने खुर्ची पुढे ओढली.

“वहिनी, आज करूनच टाकतो.”

“काय?”

“अपग्रेड. होऊन होऊन काय होईल, दुकान बंद पडंल.”

रविताचा हात शिंगाड्यावरच थांबला. “राहू द्या ना, हेमेंद्रभाऊ. मशीन बिघडलं तं तुमचं नुकसान नाई का? मी येईन ना पुढच्या बाजारी.”

हेमेंद्रला भरून आलं. आपण हिला इतके हेलपाटे घालायला लावले आणि हिला आपल्या पोटापाण्याची काळजी! आता तर मागे फिरणं नाहीच. त्याने बटण दाबलं.

पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा चालू झाला. मशीनचा दिवा विझला. आपण सेंटर बुडवलं, दुसरं काही नाही, असं त्याच्या मनात आलं. बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळवही त्याने सुरू केली. तेवढ्यात मशीनचा दिवा लुकलुकला आणि नेहमीसारखा लाल होऊन स्थिर राहिला. त्याने साईट उघडून पाहिली. उघडली!

“आणा अंगठा, वहिनी. लवकर!”

रविताने अंगठा पदराला पुसला. पुन्हा पुसला. मग मशीनवर ठेवला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. अर्ज स्वीकारला गेला होता.

हेमेंद्र खुर्चीवरून उठलाच. एवढ्या दिवसांचं ओझं एका क्षणात उतरलं होतं. आधी त्याने दुलीचंदला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, तिलाही कौतुक ऐकू यावं म्हणून. “काकाजी, झालं तुमचं काम!”

“झालं का? बेस झालं. मंग आताच्या गाडीनं धाडून दे तिले. म्हणावं, झाले आता बाजार.”

हेमेंद्रने फोन ठेवला आणि हसत तिच्याकडे वळला. “सुटलो, वहिनी! मीही सुटलो, तुम्हीही सुटल्या. आता इथं यायचं कामच नाही.”

रविता उठली नाही. खिडकीतून दिसणाऱ्या बाजाराकडे ती बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

“तुमचं हे अडलं होतं, हेमेंद्रभाऊ,” ती म्हणाली, “म्हणून तं सासरचे मले घराबाहेर निघू देत होते.”