कोरडा पाइप

धाकटीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. जेवताना व्याह्यांच्या पेल्यात गंजाचं तांबूस पाणी आलं. व्याही हसून म्हणाले, "प्लंबरच्या घरी लोखंडाचं टॉनिक फुकट!" सगळे हसले. म्हातारा प्लंबरही हसला, पण मान खाली घालून.

पाहुणे पांगले तसे बापलेकांनी घरातले जुने लोखंडी पाइप उपटायला घेतले. लेकही बापाच्याच धंद्यात. बघता बघता माडीपासून खालच्या दुकानापर्यंत पांढरे प्लास्टिकचे पाइप चढले. नळ सोडला तर पाणी काचेसारखं.

"बाबा, आता बोलवा व्याह्यांना."

"बोलव. पण नुसतं पाणी पाजून पाठव."

दुपारी लेक दुसऱ्या कामावर गेला. म्हातारा दुकानात बाकावर एक गळका नळ खोलून बसला. वर माडीवर म्हातारी खाटेवर. तिचं डावं अंग गेलेलं, आवाज उंबऱ्यापर्यंतही पोचत नसे. काही लागलं की ती उशाजवळच्या पाइपवर चमचा वाजवायची. खालून म्हातारा पान्याचा एक ठोका द्यायचा, म्हणजे 'आलो', आणि जिना चढायचा.

त्या दुपारी वरून काहीच वाजलं नाही. लग्नाचा शीण असेल, झोपू दे, म्हणून तोही निवांत बसला. गुणगुणलासुद्धा.

चहा घेऊन वर गेला, तर अंथरूण ओलं. चमचा दाराशी भिरकावलेला. म्हातारी टक लावून दाराकडे बघत होती.

"मेला नाहीत होय?" ती म्हणाली.

"अगं, मला वाटलं तू..."

तो बोलता बोलता थांबला. चमचा उचलला आणि पांढऱ्या पाइपवर मारला. ठप्प. उशीवर बुक्की मारावी तसा आवाज. गिऱ्हाइकांना तो स्वतःच सांगत आला होता, प्लास्टिक घ्या, पाणी आलं तरी झोपमोड नाही.

"किती वाजवलं," ती पुटपुटली. "तुमचा ठोका येईना. म्हटलं, गेले. खाली एकटेच गेले."

त्याने तिला कुशीवर वळवलं, चादर बदलली. चहा तसाच गार झाला.

लेक घरी आला, त्याला सगळं कळलं. तो खाटेच्या कडेला बसला. "आई, चुकलंच. उद्या बेल बसवतो. बटण दाबलं की झालं."

"बेल परका माणूस वाजवतो," म्हातारी म्हणाली.

लेकाने बापाकडे बघायला मान वळवली, तर बाप खोलीत नव्हता. खाली भंगाराच्या ढिगातून लोखंडाचा खणखणाट येत होता. लेक खाली गेला. म्हाताऱ्याने दोन सरळ तुकडे निवडून बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळले होते.

"आटे कशाला पाडता? तारेने बांधू की."

"सैल सांध्यातून ठोका उतरत नाही. धर नीट."

लेकाने बापाच्या हातातून आटे पाडायच्या हत्याराचा दांडा घेतला आणि ते स्वतः पाडले. नेहमीसारखी सुतळी गुंडाळली, सफेदा लावला, सांधा आवळला. पाणी नसलेल्या पाइपला. मग माडीच्या फळ्यांतल्या जुन्याच भोकातून तो वर सरकवला आणि खालचं टोक बाकाला घट्ट बांधलं.

वर चमचा वाजला. खाली ठोका पडला. म्हातारा धापा टाकत वर गेला.

"काय हवं?"

"काही नाही. बघितलं."

तो खाली येऊन टेकतो न टेकतो, तोच पुन्हा वाजलं. "आज जिना झिजवणार ही," म्हणत तो पुन्हा चढला. लेक तोंड फिरवून हसला.

पुढे गिऱ्हाईक विचारायचं, "हा पाइप कुठे जोडलाय?"

"वर माडीवर."

"पाणी येतं?"

"पाणी नाही येत," म्हातारा म्हणायचा आणि कामाला लागायचा.

पुढच्या वर्षी, धाकटीला मुलगी झाली त्या महिन्यात, भर दुपारी म्हातारा बाकावरच गेला. वर चमचा वाजला, पुन्हा वाजला. उत्तर आलं नाही. मग म्हातारीने चमचा उशाशी ठेवून दिला. पाइप लोखंडाचा होता.