होडीमागच्या चपला

“लेअर आहेत का तुमच्याकडे?” मेघाली मॅडमनी विचारलं.

माकुणसारच्या वाचनालयात पंख्याखाली सातआठ माणसं बसली होती. टेबलावर वाचनालयाच्या शताब्दीच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ होतं. दातिवऱ्याचा किनारा, मध्ये होडी, दोरीवर वाळणारे बोंबील, डोक्यावर टोपली घेतलेली बाई. कोपऱ्यात नाव होतं चिरागचं. संध्याकाळी फाइल छापखान्यात जायची होती.

“मी लेअर ठेवत नाही,” चिराग म्हणाला. बोईसरला त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. “चित्र झालं की सगळं एकत्र करून टाकतो. काम संपलं, विषय संपला.”

“आणि तुमच्याकडे, दिनानाथकाका?”

दिनानाथ सावेने सदऱ्याच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. “हायत. सतरा. एकेक वेगळा ठेवलेला.”

चिराग हसला. “काका, माउस कुठल्या बाजूने धरतात ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?”

“मला काय ठाव? आमी पानवेलीत राबणारी माणसं. सुलूनं ठेवलं, मी आणलं.”

सुलू ही दिनानाथची बायको. घरी बसून ती चिरागच्या दुकानाचे बॅनर करायची. वाढदिवस, बारसं, श्रद्धांजली, पडेल ते. हे चित्र मात्र तिने स्वतःसाठी केलं होतं. दातिवरे तिचं माहेर. तिच्या खुर्चीमागे उभं राहून दिनानाथने ते होताना पाहिलं होतं. रंग छपाईत कसे येतील हे विचारायला तिने ते चिरागला पाठवलं, आणि गेल्या भाद्रपदात ती गेली. दिवाळीत चिरागने तेच चित्र आपलं म्हणून स्मरणिकेच्या समितीला दिलं.

दिनानाथ तेव्हाच भांडला होता. पण पुरावा सुलूच्या संगणकात, आणि संगणक बिघडलेला. तो बोईसरला दुरुस्तीला टाकलाय, एवढंच तो सांगत राहिला. रोज दुपारी जेवला की बोईसर गाठायचा, दिवेलागणीला परतायचा. डोळे कायम लाल. लोक म्हणत, बायकोवाचून घर खायला उठतंय बिचाऱ्याला. बायकोचं नाव त्या कोपऱ्यात यावं, याखेरीज त्याला आता कशातच रस उरला नव्हता.

मेघाली मॅडम पालघरच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या; वादाचा निकाल लावायला समितीने त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला.

“लेअर म्हणजे पारदर्शक कागद समजा,” त्या बाकीच्यांना म्हणाल्या. “एकावर एक ठेवले की चित्र होतं.”

आधी आकाश आलं. मग पाणी. मग वाळू, दोरी, बोंबील, टोपलीवाली बाई. माणसं खुर्च्या ओढून पुढे सरकली.

“तारखा बघा ना!” चिराग म्हणाला.

मॅडमनी पाहिल्या. सगळ्या फाइली दोन वर्षांपूर्वीच्या, ऑगस्टमधल्या.

“फारच व्यवस्थित होत्या हो सुलूताई,” मॅडम म्हणाल्या.

“व्यवस्थित म्हंजे? मसाल्याच्या डब्यात हळद तिखटाला शिवायची नाय,” दिनानाथ म्हणाला. सगळे हसले.

शेवटी होडी आली आणि चित्र पुरं झालं. मॅडमनी सहज म्हणून होडीचा लेअर पुन्हा बंद केला. होडीमागे, वाळूत, मघाशी कुणाच्या लक्षात न आलेल्या दोन चपला होत्या.



“या कसल्या?” वाचनालयाच्या चिटणीस शकूकाकूंनी विचारलं.

“सुलूच्या. ल्हान असताना ती होडीच्या आड चपला काढून पाण्यात शिरायची. आईला दिसू नये म्हणून.”

मॅडम स्क्रीनवर वाकल्या. “जरा कच्च्या वाटतात. बाकी हात किती सफाईदार आहे.”

“कुणाला दिसायच्या नव्हत्या ना,” दिनानाथ हळूच म्हणाला.

“तेच तर!” मॅडम म्हणाल्या. “जे कधी दिसणारच नाही ते चोर कशाला काढत बसेल? ज्याचं चित्र, त्यालाच हे सुचतं.”

“असं कसं?” चिराग उसळला. “ती जे काय करायची ते माझ्याच दुकानासाठी करायची ना!”

“म्हंजे केलं तिनंच ना रे, बाबा?” शकूकाकू म्हणाल्या.

चिराग हेल्मेट उचलून चालता झाला. खाली त्याची मोटरसायकल तीनदा किक मारूनही सुरू होईना, तेव्हा वर हशा पिकला.

मॅडमनी तिथल्या तिथे कोपऱ्यातलं नाव पुसलं आणि नवं टाइप केलं. चित्र: कै. सुलू दिनानाथ सावे. फाइल छापखान्याला गेली. शकूकाकूंनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. दिनानाथने उभं राहून हात जोडले. भाद्रपदापासून वाकलेली पाठ त्या दिवशी ताठ झाली, आणि तो भर रस्त्याने, भेटेल त्याला रामराम घालत घरी गेला.

घरी त्याने डाळ शिजत ठेवली आणि मसाल्याचा डबा उघडला. आत सात वाट्या, आणि सातही वाट्यांत हळद, तिखट, मोहरी, जिरं एकमेकांत कालवलेलं, सुलूने ठेवलं होतं अगदी तसंच. तो चिमूट उचलून हसला. जन्मात तिने काही वेगळं ठेवलं नव्हतं, मसालाही नाही आणि ते चित्रही नाही. संगणक कधी बिघडलाच नव्हता. त्यात चिरागकडे होतं तसंच एकच सलग चित्र होतं, एकाही लेअरशिवाय. पाच महिने बोईसरच्या कंप्युटर क्लासात डोळे फोडून, संगणकाचं घड्याळ दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टवर नेऊन, दिनानाथने त्याचे सतरा तुकडे केले होते. आकाश तिचं, पाणी तिचं, होडीही तिचीच. चपला तेवढ्या त्याने काढल्या होत्या.