काकांचे कान

निवृत्त झाल्यावर काकूंच्या अखंड बडबडीतून सुटका म्हणून काकांनी बहिरेपणाचं सोंग घेतलं. ते इतकं वठलं, की शेजारीपाजारीही त्यांच्याशी खुणांनी बोलू लागले.

आज सकाळी भाजी चिरताना काकूंचं तोंड नेहमीसारखं चाललेलं दिसलं, पण काकांच्या कानावर अक्षर येईना. सोंग अंगलट आलं, या धास्तीने त्यांनी काकूंना घेऊन तडक दवाखाना गाठला.

"कान ठणठणीत आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाले.

"मग हिचं बोलणं का ऐकू येत नाही?" काका बोलून गेले.



काकू शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, बहिऱ्यापुढे घसा कशाला कोरडा करायचा? आज सकाळपासून मी नुसते ओठ हलवते. अगदीच गप्प बसवत नाही ना!"